मॅचच्या आदल्या संध्याकाळी

परदेशातले पिस्तूलवाले सरावाची काडतुसं घरीच भरतात. ते व्हिडिओ बघून आपलेही हात शिवशिवतात. पण आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. आपली ती हौस दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पेलेटवर, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांवर भागवायची, आणि बालेवाडीला मॅच असली की आदल्या संध्याकाळी पुरेपूर भागवून घ्यायची.

डबा असतो पाचशेचा. मॅचला लागतात साठ, वर साइटिंगच्या, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या नेमांच्या. शंभर-सव्वाशे निवडल्या की पुरे. सपाट तोंडाच्याच घ्या, लक्ष्याच्या कार्डावर भोक गोल आणि स्वच्छ पडतं. डबा भसकन ओतू नका. शिसं मऊ, मागचा पातळ घेर लगेच चेपतो. एकेक काचेवर घरंगळवा: चांगली पेलेट शांतपणे वळण घेत जाते, चेपलेली लडखडते. जुन्या डब्यात पांढरी पूड धरली असेल तर तो डबा सरावालाही नको. वजन करायचा नाद मात्र मी सोडला. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूत मिलिग्रॅमचे फरक शोधत एकदा रात्री एकपर्यंत जागलो होतो. दुसऱ्या दिवशी दहाच्या जागी जे आठ लागले, ते जांभयांचे होते. आणि हो, या कामाला स्वयंपाकघरातली ताटली घेऊ नका. शिसं आहे ते. उठल्यावर हात साबणाने धुवा, मगच चहा.

पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर आजच भरा, सावकाश. घाईने भरला की हवा तापते, काटा दोनशे बार दाखवतो आणि गार झाल्यावर खाली उतरतो. सिलिंडरवरची तारीखही वाचा. मुदत संपलेला बदलणं ही नेमबाजाचीच जबाबदारी. पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर पंपाचा ओलावा शोषणारा भाग आधी तपासा.

ट्रिगरला आज रात्री हात लावायचा नाही. नियमाने तो किमान पाचशे ग्रॅम पेलला पाहिजे. मी एकदा आदल्या रात्री ‘जरासा हलका’ केला. सकाळी तपासणीच्या टेबलावर वजन लावल्याबरोबर तो सुटला. मागे रांग, हातात स्क्रू फिरवायची ॲलन की, आणि हात थरथरतायत. तेव्हापासून तो पाचशेवीसला ठेवून विसरून जातो. ॲलन की मात्र पेटीत असतेच.

बूट घोट्याखालचे. कपडे, पाणी, केळी हे सांगायला नको. पिस्तुलाची पावती पेटीच्या झाकणात ठेवा. रस्त्यात नाक्यावर कुणी पेटी उघडायला लावली तर वाद वाचतो.

राहिला सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, आणि नेमका तोच घरी राहतो. नळीच्या दोन्ही टोकांना दिसेल एवढी केशरी नायलॉन दोरी हवी. गवत कापायच्या मशीनची चालते. दोन तुकडे कापा, एक नळीत, एक बुटात.