वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने : मन कसं सांभाळावं

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडणं) करून घरी आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे "आता आनंदात राहा, पॉझिटिव्ह विचार करा." या वाक्यानं कुणाचं रडू थांबलेलं मी आजवर पाहिलं नाही. मी स्वतः स्लीव्ह करून घेतली. त्यानंतर लातूर, नांदेड, परभणीकडच्या ओळखीपाळखीच्या किती तरी जणांच्या घरी, ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत जाऊन बसत आले. पोटाचं काय करायचं ते सर्जन आणि डायटिशियन कागदावर लिहून देतात. तो कागद पाळायचा, त्यात माझी भर नको. मनाचं मात्र कुणी लिहून देत नाही.

ऑपरेशनच्या आधी एकच गोष्ट ठरवा

रजा, सोबतीला माणूस, मिक्सर, प्रोटीन पावडर हे तुम्ही केलेलंच असणार. राहतं ते एक : पहिला महिनाभर घरचा स्वयंपाक कोण करणार? हे दवाखान्यात भरती व्हायच्या आधी, घरातल्या सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. "बघू, तेव्हाचं तेव्हा" असं म्हटलं की दहाव्या दिवशी बाई तव्यासमोर उभी असते. याचं कारण पुढे येईल.

पहिला आठवडा

हा मनाला फारसा जड जात नाही. खांद्यात गॅसची कळ, अशक्तपणा, झोप, घोट घोट पाणी, घरातल्या घरात चालणं, यातच दिवस जातो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. छातीत धडधड होतेय, नाडी जोरात पळतेय, काही तरी भयंकर होणार असं वाटतंय, तर "घाबरलीय, मनाचे खेळ आहेत" असं कुणालाही म्हणू देऊ नका. पोटातल्या शिवणीतून गळती होत असेल तर तिची पहिली खूण बऱ्याचदा अशीच असते. ती थांबत नसेल, किंवा त्यासोबत ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा दम लागणं असेल तर रात्र असो की पहाट, सर्जनला फोन करायचा. आधी शरीर तपासून घ्यायचं, मनाचं नंतर बघता येतं.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत : खरी अवघड वाट

मला स्वतःला हाच टप्पा फार जड गेला, आणि नंतर ज्यांच्या ज्यांच्या घरी बसले त्यांनाही. टाके सुकत आलेले असतात, येणारे-जाणारे "आता बरी दिसतेस" म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच आतून सगळं ढासळतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. भुकेची जाणीव देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे पोटाची भूक बरीच शांत होते. पण खाण्याची ओढ जठरात राहत नसते. दुखलं म्हणून खाल्लं, आनंद झाला म्हणून खाल्लं, रागानं खाल्लं, ही वर्षानुवर्षांची वाट एका दिवसात बंद झालेली असते. त्यात पोटात जाणारं अन्न फार थोडं, पाणी कमी, झोप तुटक. वजन वेगानं उतरतं तेव्हा संप्रेरकांचाही तोल बदलतो, आणि बायकांची मनःस्थिती तासातासाला पालटू शकते. पुरुषांना रडू कमी येतं, पण चिडचिड सुरू होते आणि ती बायकोवर, मुलांवर निघते. दोन्ही एकच आहे. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे रडू वाटेल तेव्हा येत नाही, ते घड्याळानं येतं. चार-पाच दिवस वहीत वेळ लिहून ठेवा. सकाळच्या चहा-पोह्यांची वेळ, दुपारी एकचं ताट, संध्याकाळी भज्यांचा किंवा चिवड्याचा वास, रात्रीचं जेवण, याच वेळांना मन खचतं. जेवणानं तुमच्या दिवसाला आकार दिलेला होता. तो आकार गेला आणि त्या जागी घोट घोट घ्यायची थोडीशी पातळ मुगाची डाळ आली. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला सांभाळायचा आहे तो एवढाच अर्धा तास. "मन खंबीर करा" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही, म्हणून त्यांचा सल्ला वाया जातो.

तेव्हा त्या प्रत्येक वेळेला एक ठरलेलं काम लावून द्या. सुरुवातीला दुपारी घरचे ताटावर बसले की तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बहिणीला फोन लावायचा. रात्री जेवणं सुरू झाली की गल्लीत फेरी मारायची. संध्याकाळी केस विंचरणं, मुलाचा अभ्यास, पोथी, काहीही चालेल, पण हात आणि तोंड दोन्ही गुंतली पाहिजेत. टीव्ही चालत नाही, त्यावर दर पाच मिनिटांनी खाण्याची जाहिरात येते.

पहिले दोन आठवडे जेवणाऱ्यांच्या पंक्तीला बसू नका. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र बसाच, आपली वाटी आणि लहान चमचा घेऊन. कायम वेगळं बसणाऱ्याला पुढे घरातच परकं वाटायला लागतं. आणि घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे की लपून खाऊ नका. स्वयंपाकघराचं दार लोटून तव्यावर तेल सोडून धपाटे लावले की वास यायचा तो येतोच. शिवाय आपल्यामुळे लेकरांना चोरून खावं लागतंय हे दुःख वर बसतं. नेहमीसारखं जेवा, फक्त वेळ आधी सांगा, म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या वेळी काय करायचं ते ठरवता येईल.

स्वयंपाकाचं आधी म्हणाले होते. महिनाभर तव्यासमोर उभं राहू नये, यावर मी ठाम आहे. येसराच्या आमटीला फोडणी बसते, पाट्यावरचा ठेचा वर येतो, भाकरी फुगते, आणि या सगळ्यात हात सवयीनं चालत असतो. पळीतला थेंब तळहातावर घेऊन मीठ बघणारी बाई ते विचार करून करत नाही. आमटीतला शेंगदाण्याचा कण, भाकरीचा तुकडा, लेकराच्या ताटात उरलेला घास असाच तोंडात जातो. मग तो अडकतो, उलटी होते आणि त्यापाठोपाठ "मला एवढंही जमत नाही" हे येतं. ही अवस्था टाळता येते. सासूबाई, जाऊबाई, नवरा, डबेवाली, कुणीही करो, तिनं करू नये. "हलकं काम आहे, उभ्यानं करायचंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तरीही खाण्याची तीव्र इच्छा झालीच तर आधी ती कसली आहे ते ओळखा. चार घोट पाणी घ्या, पंधरा मिनिटं थांबा. शमली तर ती तहान होती. नाही शमली तर स्वतःला विचारा : आता कुणी मुगाचं कढण दिलं तर घेईन का? घेईन असं उत्तर आलं तर भूक आहे, कागदावर लिहिलेलं आहे ते घ्या. "नको, मला धपाटंच पाहिजे" असं आलं तर ती ओढ आहे. ओढीला खाऊ घालायचं नाही, पण तिच्यावर रागवायचंही नाही. आवडत्या माणसाची आठवण यावी तशी ती येते आणि थोड्या वेळानं ओसरते.

"हे काय करून बसले मी?"

हा विचार बऱ्याच जणांना येतो, आणि बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. त्याचं एक साधं कारण आहे. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर वापरतं आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी निघून जातं, म्हणून काटा भराभर उतरतो. मग शरीर पाणी पुन्हा धरतं आणि काटा आठवडाभर, कधी त्याहून जास्त, जागचा हलत नाही. चरबी कमी होतच असते, काट्यावर दिसत नाही एवढंच. पण रोज सकाळी काट्यावर चढणाऱ्याला वाटतं, चांगलं पोट कापून घेतलं आणि उपयोग शून्य. त्यामुळे काटा कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी. रोज वजन करा असं कुणी सांगत असेल तर मनापुरता तो सल्ला चुकीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करणं तर पूर्ण बंद.

हा पश्चात्ताप दाबू नका, तो मोठ्यानं बोला. फक्त कुणाजवळ बोलायचा ते माणूस नीट निवडा. ज्याच्या तोंडून "तूच ठरवलं होतंस ना" किंवा "पैसा पाण्यात गेला म्हण की" असं निघेल, त्याच्याजवळ नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. मला माझी मावशी लाभली. ती काही सुचवायची नाही, फक्त म्हणायची, "बोल, मी ऐकायले." असं एक माणूस ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा आणि त्याला तसं सांगून ठेवा. आणि पहिले तीन महिने मोठे निर्णय घेऊ नका : नोकरी सोडणं, जमिनीची वाटणी, नात्यातलं भांडण तुटेपर्यंत नेणं, काहीच नाही.

भेटायला येणारे

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणं चुकत नाही, आणि येताना बिस्किटाचे पुडे, केळी, पेढे येतात. "नुसत्या पाण्यावर कसं व्हायलंय गं? एवढ्यानं काय होतंय, एक घास खा." यावर शरीरशास्त्र समजावत बसू नका, थकून जाल. "डॉक्टरांनी कडक पथ्य दिलंय," एवढंच सांगा. पथ्य म्हटलं की आपल्याकडची आजीसुद्धा हात मागे घेते. ऑपरेशन नेमकं कसलं हे घरातल्यांना पूर्ण माहीत हवं. बाकीच्यांना पोटाचं ऑपरेशन झालं इतकं पुरे, ते खरंच आहे. "रोज सकाळी पाच किलोमीटर चालली असतीस तर पैसे वाचले असते," असं म्हणणारा एक तरी येतोच. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर हा उपचार आहे, हे एकदा शांतपणे सांगा. दुसऱ्यांदा बोलला तर उठून आत जा.

लग्नाच्या पंगतीला पहिले दोन महिने पानावर बसूच नका. वाढपी आग्रह करणार, चार जण ताटाकडे बघणार, तुम्ही घाईनं दोन घास जास्त घेणार आणि मांडवामागं उलटी करणार. घरून आपली वाटी खाऊन जा, अक्षता टाका, भेटा आणि निघा.

लातूर-धाराशिवकडच्यांना येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायचा अमावस्येचा सण, जवळ आली की जीव कासावीस होतो. सगळं घर शेतात, कोपीपुढं (कडब्याच्या खोपीपुढं) भज्जी, उंडे, अंबील, आणि आपण घरी कसं राहायचं? राहू नका, जा. पण पूजेला जा आणि पंगत बसायच्या वेळी बांधावर फेरी मारा. ताकातली पातळ अंबील तुमच्या टप्प्यात बसते का, ते आधी डायटिशियनला विचारा. चालेल म्हणाले तर लसूण-मिरची न घातलेली, गाळलेली थोडी घेऊन घोट घोट प्या. भज्जीतल्या डाळी-शेंगा आणि उंडे या वर्षी नाहीत.

पुरुषांना वेगळं सांगते, दारू नको. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा दारूनं घेतल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हे नेहमीचं नाही, हे कधी ओळखायचं

रडू येतं, जातं, मध्ये हसूही येतं, तोवर ठीक आहे. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, झोप नाही, आंघोळसुद्धा नको वाटते, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि माणसाला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416 आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. बायपासनंतर काही गोळ्या, खासकरून हळूहळू विरघळणाऱ्या, अंगी कमी लागतात, म्हणून डॉक्टरांकडून डोस पुन्हा बघून घ्या.

आणि हे घरच्यांसाठी. बरेच दिवस उलट्या चालू आहेत आणि त्यात माणूस बरळतंय, एकाचे दोन दिसतायत, चालताना तोल जातोय, तर ते नजर लागल्यानं किंवा बाहेरचं काही झाल्यानं नव्हे. बी-1 जीवनसत्त्व संपल्याची ती खूण असू शकते. उतारा, अंगारा यात एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना, आणि ऑपरेशन झालंय हे तिथं पहिल्याच वाक्यात सांगा. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून बऱ्याच जणांचे केस गळू लागतात. बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन, लोह आणि लिहून दिलेल्या गोळ्या चुकवू नका.

तपासणीला जाल तेव्हा डॉक्टर आधी वजन बघतील, टाके बघतील, उलट्या विचारतील आणि वेळ संपेल. म्हणून आत गेल्या गेल्या वही पुढं करा आणि मनाचं आधी सांगा : कोणत्या वेळेला रडू येतं, झोप किती, कोणता विचार पुन्हा पुन्हा येतो. काट्यावर त्यानंतर चढा.