पॅकेज मॅनेजर लिहायचाय? आधी एरर लिहा

नवी प्रोग्रॅमिंग भाषा घडवणारे कंपायलरवर वर्षं घालवतात आणि पॅकेज मॅनेजर (इतरांनी लिहिलेला कोड आणून बसवणारं साधन) शेवटी घाईघाईत उरकतात. वापरणाऱ्याचा रोजचा संबंध मात्र त्याच्याशीच येतो. सगळं सुरळीत इन्स्टॉल होतंय तोवर कुठलाही मॅनेजर बराच वाटतो. दोन पॅकेजं एकमेकांशी पटवून घेत नाहीत, नेट मध्येच जातं, कालचं बिल्ड आज मोडतं, तेव्हा त्याचा कस लागतो. डिझाइनची सुरुवात तिथून करावी.

फायली दोनच ठेवा. मॅनिफेस्ट माणसाने लिहायचं, लॉकफाइल मॅनेजरने. मॅनिफेस्टमध्ये ‘१.४ किंवा पुढची, पण २.० च्या आतली’ अशी मागणी असते. लॉकफाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते कुठून आणलं तो पत्ता आणि त्याचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो). जावास्क्रिप्टच्या मॅनेजरांपैकी यार्नने २०१६ मध्ये लॉकफाइल आणली आणि २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून ती तिथेही आपोआप बनू लागली. आज ती पहिल्या दिवसापासूनच हवी. ती गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) जाणार हे धरून चाला: नोंदी अकारविल्हे, एका ओळीत एकच गोष्ट, आणि तारीख-वेळ कुठेही नको. फाइल बनवल्याची वेळ लिहिली, की दोन ब्रँच मर्ज करताना दर वेळी कॉन्फ्लिक्ट ठरलेला.

मॅनिफेस्ट निव्वळ डेटा असू द्या, चालवायचा कोड नको. पायथनच्या जुन्या ‘सेटअप डॉट पीवाय’ पद्धतीत पॅकेजला काय काय लागतं हे कळायला ती फाइल चालवावीच लागायची. म्हणजे आवृत्ती नुसती तपासायची तरी डाउनलोड करा, कोड चालवा आणि मग ती नाकारा. रजिस्ट्रीने, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरने, प्रत्येक पॅकेजमागे एक छोटी माहितीफाइल वेगळी द्यावी. रस्ट भाषेचा मॅनेजर कार्गो पूर्वी सगळा इंडेक्स, म्हणजे पॅकेजांची पूर्ण यादी, गिटने क्लोन करायचा. २०२३ च्या १.७० आवृत्तीपासून तो हव्या त्या पॅकेजचीच माहिती एचटीटीपीवरून आणतो.

कमांड मोजक्या पुरतात: जोडा, काढा, अपडेट करा, लॉकप्रमाणे इन्स्टॉल करा, चालवा. ‘जोडा’ने मॅनिफेस्ट, लॉक आणि इन्स्टॉल ही तिन्ही कामं एका दमात करावीत, मॅनिफेस्टमधल्या कॉमेंट न पुसता. ही कमांड आवृत्तीची जी मर्यादा आपोआप लिहील तीच बहुतेक प्रोजेक्टांत कायमची राहते, त्यामुळे तिथे नीट विचार करा. शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांचा नियमही आधीच ठरवा. कार्गोमध्ये ०.२.३ मागितलं तर ०.३.० आपोआप येत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘इन्स्टॉल’ने लॉकफाइल गुपचूप बदलू नये. सीआयसाठी (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणा) असा पर्याय द्या, की मॅनिफेस्ट आणि लॉक जुळत नसतील तर काम तिथेच थांबेल आणि एक्झिट कोड शून्याखेरीज दुसरा, म्हणजे अपयशाचा, येईल.

आता रिझॉल्व्हर, म्हणजे सगळ्यांना चालतील अशा आवृत्त्या शोधणारा भाग. आवृत्त्यांचा मेळ घालणं हा सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे पॅकेजं वाढली की शोधाचा वेळ भयंकर वाढू शकतो. गो भाषेने त्याला बगल दिली: प्रत्येक मॉड्यूल आपल्याला लागणाऱ्या मॉड्यूलांची किमान आवृत्ती सांगतं आणि त्यांतली सगळ्यात वरची घेतली जाते. रिझॉल्व्हर जवळपास लागतच नाही, पण त्याची किंमत म्हणून दुसऱ्या मेजर आवृत्तीपासून (म्हणजे २.० पासून) पुढे तो आकडा इम्पोर्टच्या पत्त्यातच लिहावा लागतो. ‘इथपासून इथपर्यंत’ अशा मर्यादा द्यायच्या असतील तर पबग्रब हा अल्गोरिदम वापरा. नॅटली वायझेनबॉम यांनी तो डार्ट भाषेसाठी बनवला, २०१८ मध्ये जाहीर केला. पायथनचा यूव्ही हा मॅनेजरही तोच वापरतो. साधं बॅकट्रॅकिंग (एक वाट अडली की मागे येऊन दुसरी बघणं) फसलं तर एवढंच सांगतं की जमलं नाही. पबग्रब प्रत्येक नकाराचं कारण साठवत जातो, म्हणून शेवटी हिशेब मांडता येतो. घरी नवा रिझॉल्व्हर लिहायच्या भानगडीत पडू नका.

तो हिशेब पडद्यावर असा दिसावा:

तुमच्या प्रोजेक्टला ‘तक्ता’ २.० किंवा पुढची हवी (मॅनिफेस्ट, ओळ ९).
‘अहवाल’ १.३ ला ‘तक्ता’ २.० च्या आतलीच चालते.
तुम्ही ‘अहवाल’ नेमकी १.३ मागितली आहे (ओळ १२).
उपाय: ओळ १२ वर ‘अहवाल’ १.४ करा.

सुरुवात वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइलपासून, कारण तेवढीच त्याच्या हातात असते. सुचवलेला उपाय छापण्याआधी रिझॉल्व्हरमधून एकदा चालवून बघा. चुकीचा सल्ला देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. नाव टाइप करताना चुकलं तर जवळची नावं सुचवा, पण आपणहून इन्स्टॉल करू नका. सारख्या दिसणाऱ्या नावांनी घातक पॅकेजं टाकणारे याच क्षणाची वाट पाहत असतात.

अर्धवट इन्स्टॉल हा सगळ्यात चिवट दोष. आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवा, हॅश तपासा, मगच रीनेम करून जागेवर आणा. तात्पुरतं फोल्डर त्याच फाइल सिस्टिमवर हवं, नाहीतर रीनेमच्या जागी कॉपी करावी लागते आणि मध्येच कंट्रोल-सी दाबलं की अर्धी फाइल मागे राहते. दोन प्रोसेस एकाच कॅशेवर (उतरवलेल्या पॅकेजांचा साठा) आल्या तर दुसरीने थांबावं, आणि थांबलोय हे सांगावं. पडदा नुसताच गोठला तर लोक प्रोसेस मारतात.

रजिस्ट्रीचे नियमही डिझाइनचाच भाग. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभरची बिल्डं मोडली. प्रसिद्ध झालेली आवृत्ती पुसता येऊ नये. रस्टच्या क्रेट्स डॉट आयओ या रजिस्ट्रीसारखी ‘यँक’ची सोय ठेवा: नव्याने ती आवृत्ती कुणाला मिळत नाही, जुन्या लॉकफाइलवाल्यांचं मात्र चालू राहतं. खाजगी आणि सार्वजनिक अशा दोन रजिस्ट्र्या जोडल्या असतील तर ‘जिथे वरची आवृत्ती तिथून घे’ हा नियम कधीच नको. कंपनीच्या आतल्या नावाने बाहेर कुणी ९९.० टाकलं की तेच उतरतं. २०२१ मध्ये अनेक बड्या कंपन्यांवर हे करून दाखवलं गेलं. कुठलं नाव कुठल्या रजिस्ट्रीतून घ्यायचं हे मॅनिफेस्टमध्येच पक्कं करा. इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट मुळात बंद ठेवा आणि पॅकेजागणिक परवानगी मागा. जावास्क्रिप्टच्या पीएनपीएम या मॅनेजरने दहाव्या आवृत्तीपासून हेच केलं आहे.

चाचण्यांमध्ये नेट तोडून बघा, डिस्क भरून बघा, इन्स्टॉल चालू असताना प्रोसेस मारून पुन्हा तीच कमांड द्या. दुसऱ्या वेळी ती काही न सांगता नीट पूर्ण झाली पाहिजे. एररचे मजकूरही चाचणीत जसेच्या तसे जपून ठेवा, म्हणजे कोड बदलताना एखादी ओळ बिघडली तर ती रिव्ह्यूमध्येच दिसेल.