प्रतिकृती रेल्वेच्या ऑनलाइन लिलावात बोली लावण्यापूर्वी

पुण्याच्या जुन्या बाजारात खेळण्यातले एखादे जुने इंजिन दिसले, तर ते हातात घेऊन त्याचे वजन जोखता येते, उलटे करून चाके पाहता येतात आणि मगच भावाची घासाघीस सुरू होते. ऑनलाइन लिलावात यांपैकी काहीच शक्य नसल्यामुळे हातांचे काम वाचनावर येऊन पडते. 'अतिदुर्मीळ', 'आजोबांच्या माळ्यावर सापडलेले' अशा शब्दांकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि विक्रेत्याने दिलेली माहिती, छायाचित्रे व सांगितलेले साल यांचा परस्परांशी मेळ बसतो का, एवढेच आधी तपासावे.

सालाची तपासणी सर्वांत फलदायी असते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची 'हॉर्नबी डब्लो' ही खेळण्यातील रेल्वेची मालिका १९३८ मध्ये बाजारात आली. तिच्या रुळांमध्ये वीज वाहून नेणारा तिसरा, मधला रूळ असे आणि दोन रुळांची आवृत्ती १९५९ मध्ये निघाली. त्यामुळे '१९३८ चा मूळ संच' म्हणून दाखवलेल्या छायाचित्रात दोनच रूळ दिसत असतील, तर पुढचे वर्णन वाचण्याचेही कारण उरत नाही. त्याचप्रमाणे ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन 'ब्रिटिश रेल्वे'ची स्थापना १ जानेवारी १९४८ रोजी झाली. तेव्हा जे इंजिन दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे म्हणून विकले जात आहे, त्यावर तिचे बोधचिन्ह असेल, तर एक तर साल खोटे आहे किंवा रंग नंतरचा आहे. नंतर रंगवलेले इंजिन वाईटच असते असे नाही, पण त्याची किंमत मूळ रंगाच्या इंजिनाएवढी नसते आणि विक्रेता नेमके तेच सांगायचे टाळतो. 'डेक्कन क्वीन'च्या रंगातील जुने परदेशी डबे पाहून पुणेकराचे मन विरघळणे साहजिक आहे. तरी हा रंग कारखान्यातला की कोणी घरी हाताने दिलेला, हे विचारल्याशिवाय बोली लावू नये.

प्रमाणाच्या, म्हणजे प्रतिकृती खऱ्या गाडीपेक्षा किती पटींनी लहान आहे याच्या, बाबतीत गोंधळ बहुधा अज्ञानातून होतो. एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे साधारण १:७६, दोन्ही १६.५ मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवर चालतात, म्हणून विक्रेते ती सर्रास एकत्र करतात. शिवाय मार्कलिन या जर्मन कंपनीचे पारंपरिक एचओ इंजिन रुळांच्या मधोमध असलेल्या संपर्कबिंदूंतून वीज घेते, त्यामुळे ते दोन रुळांच्या साध्या मांडणीवर चालत नाही. कोथरूडमधील जोशी यांच्या लघु रेल्वे संग्रहालयात एक दुपार घालवली, तर एचओ आकाराचा अंदाज डोळ्यांत पक्का बसतो आणि छायाचित्रातील विसंगती चटकन लक्षात येते.

धातूविषयी मी स्वतः धडा शिकलो आहे. युद्धापूर्वीची म्हणून घेतलेली एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, छायाचित्रात वरून अगदी स्वच्छ होती. खोके उघडले तेव्हा तिच्या सांगाड्याचे तीन तुकडे हातात आले. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर ओतीव भाग कालांतराने फुगतात, वाकतात आणि तडकतात, व यावर इलाज नाही. म्हणून तळाचे, दोन्ही बाजूंचे आणि चाकांचे जवळून काढलेले छायाचित्र मागावे, तेही शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून. टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालेच असे समजावे. 'चालवून पाहिलेले नाही' या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा 'चालवून पाहिले, चालले नाही' असाच घ्यावा. बारा व्होल्टचा पुरवठा जोडायला एक मिनिट पुरते. खोक्यांच्या नव्या नकला उघडपणे विकत मिळतात, त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या खोक्याचा पुठ्ठा आतून पांढराशुभ्र दिसला, तर शंका घ्यावी. तेच छायाचित्र दुसऱ्या कोणाच्या विक्रीत आहे का, हे छायाचित्र-शोधाने पाहता येते.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले भाव न पाहता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव पाहावेत. एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात तोच बोलीदार वारंवार भाव चढवतो आणि शेवटी कधीच जिंकत नाही, असे दिसले तर तो विक्रेत्याचाच माणूस असण्याची शक्यता धरावी. आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहावी. परदेशातून मागवत असाल, तर टपालखर्च आणि सीमाशुल्क तिच्यातच धरावे.

'लिलाव सोडा, थेट पैसे पाठवा, स्वस्तात देतो' असे म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये, कारण संकेतस्थळाबाहेर दिलेल्या पैशांना तेथील संरक्षण लागू होत नाही. आपण विकत असाल, तरी हे लक्षात ठेवावे की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पार्सल आले की ते उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे आणि इंजिन रुळांवर ठेवण्याआधी उलटे करून त्याचा तळ विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्राशी ताडून पाहावा.