बंद संगणकाचं घड्याळ भरकटतं तेव्हा

संगणक बंद असताना वेळ सांभाळतो तो मदरबोर्डवरचा ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक आणि बटणाएवढा सेल. त्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो.

एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या पद्धतीने, वेळ जुळलेली असली की लिनक्सचं कर्नल (या कार्यप्रणालीचा गाभा) साधारण दर ११ मिनिटांनी ती मदरबोर्डवरच्या या घड्याळात उतरवतं. एनटीपीसाठी क्रोनी हा प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘आरटीसीसिंक’ (rtcsync) ही ओळ आहे ना, एवढं नक्की बघा. ती नसेल तर हे काम होतच नाही. आणि कर्नल घड्याळ लावत असताना ‘एचडब्ल्यूक्लॉक’ (hwclock) या मदरबोर्डचं घड्याळ लावणाऱ्या कमांडची चूक-दुरुस्ती वेगळी चालवू नका. एकाच घड्याळाला दोघांचे हात लागले की घड्याळ किती चुकतं याचा हिशोबच बिघडतो.

संगणक सुरू करताना प्रत्येक वेळी तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल, तर आधी सेल बदला.