राजपुत्र किती वेळा दिसतो?

चित्र आणि साहित्य यांच्या नात्यावरचं माझं पहिलं जाहीर व्याख्यान एका वाचनालयाच्या सभागृहात झालं. विषय होता अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातलं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी विश्वंतर राजपुत्राची कथा. ४० मिनिटांत ६० स्लाइड्स दाखवल्या. राजपुत्राने देऊन टाकलेला पांढरा हत्ती, वनवास, जूजक नावाच्या ब्राह्मणाला दिलेली मुलं, सगळी गोष्ट मला पाठ होती आणि मी ती रंगवून सांगितली. शेवटी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी विचारलं, "बाई, या चित्रात राजपुत्र किती वेळा आलाय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी गोष्टच सांगत राहिले होते, चित्राकडे पाहिलंच नव्हतं.

या क्षेत्रात बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक नवख्या माणसाला मी आता तोच प्रश्न विचारते. एकच पात्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा रंगवणं ही अजिंठ्याच्या चित्रकारांची गोष्ट सांगायची रीत. प्रसंगही अनेकदा काळाच्या क्रमाने येत नाहीत, जागेप्रमाणे येतात: महालातले एकत्र, रानातले एकत्र. जातक वाचताना आपण 'मग काय झालं?' असं विचारत पुढे जातो. भिंतीसमोर उभं राहिलं की 'हे कुठे घडतंय?' असं विचारावं लागतं. व्याख्यानाला खरा विषय इथे सापडतो. २ क्रमांकाच्या लेण्यात तर आर्यशूर या कवीच्या 'जातकमाला' या संस्कृत ग्रंथातले श्लोक चित्राच्या सोबतीला भिंतीवरच लिहिलेले आहेत. कुणीतरी यावर तासभर बोलावं, मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

बोलायचं कसं, हे मला पिंगुळीत कळलं. सिंधुदुर्गातल्या या गावचे ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा चित्रं दाखवत गाऊन सांगतात. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एक चित्र समोर धरलं की त्याचं गाणं होईपर्यंत ते तिथेच असतं, घाई नाही. (पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला.) तिथून परतल्यावर मी ६० स्लाइड्सच्या आठ केल्या. चित्र लागलं की पूर्ण एक मिनिट मी बोलत नाही. पहिल्यांदा ते मिनिट फार लांब वाटतं, तरी सोडू नका. मूळ मजकूर त्यानंतर, आणि तोही श्रोत्यांपैकी कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या.

सभागृहात आदल्या दिवशी जाऊन प्रोजेक्टरवर रंग तपासा. अजिंठ्याचा गेरू पडद्यावर हमखास विटकरी दिसतो. पडदे ओढून अंधार होतो का, तेही पाहा.

सुरुवातीला अजिंठा जड वाटत असेल तर घरातले जुने दिवाळी अंक काढा. दीनानाथ दलालांचं एक मुखपृष्ठ आणि त्याच अंकातली एक कथा, एवढ्यावर सुंदर गप्पा होतात, कारण श्रोत्यांकडेही ते अंक असतात आणि ते घेऊन येतात. मात्र चित्र जाहिरातीच्या पत्रकावर छापायचं असेल तर परवानगीचं बघा. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांचा हक्क अजून संपलेला नाही. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे ही अडचण येत नाही.

विश्वंतरावर मी अजूनही बोलते. सुरुवातीलाच श्रोत्यांना राजपुत्र मोजायला सांगते. कुणी मुकुटावरून ओळखतं, कुणी शेजारच्या माद्रीवरून, म्हणजे त्याच्या पत्नीवरून. कुणाचा आकडा कुणाशी जुळत नाही, मागच्या रांगेतली माणसं उठून पडद्याजवळ येतात. मग मी जातक उघडते.