बर्फ पांढऱ्या रंगाने रंगवू नका

मॉस्कोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी बर्फ रंगवायला बसले आणि पांढऱ्या रंगाची अख्खी ट्यूब संपवली. चित्रात दिसत होती नुकतीच चुना मारलेली भिंत, आणि तिच्यापुढे एक झाड. त्याच आठवड्यात लाव्रुशिन्स्की गल्लीतल्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत गेले आणि रशियन चित्रकार इगोर ग्राबार यांच्या ‘फेब्रुवारीची निळाई’पुढे उभी राहिले. चित्र 1904 सालचं, जवळजवळ दीड मीटर उंच. पांढऱ्या सालीची बर्चची झाडं आणि पायाशी बर्फ. नुसता पांढरा रंग शोधत मी बराच वेळ घालवला. सापडला असं छातीठोकपणे म्हणता येईना.

पुढे जे सांगते आहे ते त्या दिवसापासून, बरेच कॅनव्हास वाया घालवून, हाताला लागलेलं आहे. ऑइल रंग थोडेफार हाताळलेल्यांसाठी आहे हे.

पहिल्या दिवशी ब्रश नेऊच नका. नुसतं बघा. फेब्रुवारीच्या मध्याला मॉस्कोत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर येतो. म्हणून झाडाची सावली झाडाच्या अडीचपटीहून लांब पडते, आणि ऊन दुपारचं असूनही पिवळसर असतं. सावलीत ते ऊन पोचत नाही, तिथे प्रकाश येतो फक्त निळ्या आभाळाचा. बर्फ हे दोन्ही रंग इमानेइतबारे परत देतो. हे पटत नसेल तर काळ्या कागदाची नळी करून एका डोळ्याने फक्त सावलीचा तुकडा बघा. आपण बर्फ बघतोय हे डोकं विसरलं की डोळ्याला निळा दिसायला लागतो, कधी कधी चक्क जांभळा.

आता पॅलेट. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सेरुलियन हे तीन निळे. लेमन यलो, त्याहून गडद एक पिवळा, रोझ मॅडर, विरिडियन आणि भरपूर पांढरा. काळा आणि तपकिरी उन्हाच्या दिवशी घरीच राहू द्या. बर्चच्या सालीवरचे काळे डाग अल्ट्रामरीन आणि मॅडर मिसळून करा, कोळशासारखे मेलेले दिसणार नाहीत. पांढरा वापरायचा तो दुसऱ्या रंगाला उजळायला. एकटा कुठेच नाही.

कॅनव्हास कुठे ठेवायचा, यावर मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण माझी सगळी जुनी चित्रं इथेच बिघडली. ग्राबार तेव्हा मॉस्कोच्या दक्षिणेला दुगिनो इथे, निकोलाय मेश्चेरिन या चित्रकार मित्राच्या वाडीवर राहत होते. फिरताना हातातली काठी पडली, ती उचलायला ते वाकले आणि खालून वर बघताना त्यांना ते बर्च दिसलं, मागे आभाळ. तसंच खालून दिसावं म्हणून त्यांनी बर्फात मीटरभराहून खोल चर खणला आणि ईझलसकट आत उतरले. वर निळी रंगवलेली छत्री. शिवाय कॅनव्हास नेहमीसारखा जमिनीकडे झुकवला नाही, त्याचं तोंड आभाळाच्या निळाईकडे ठेवलं. उन्हाने उजळलेल्या बर्फाची झळाळी त्यावर पडू नये, तो थंड सावलीत राहावा, हा हेतू. अशा सावलीत रंग फिका दिसतो, म्हणून हात आपोआप जोर लावतो. त्या चित्रातल्या रंगाची ताकद बरीचशी तिथून आली आहे.

मी नेमकं उलट करायचे. कॅनव्हास भर उन्हात. तिथे सगळं झगझगीत दिसायचं, घरी दिव्याखाली आणलं की मळकट, राखेसारखं. तेव्हा चर खणू नका (पार्कातला रखवालदार काय म्हणेल ते वेगळंच), पण बुटक्या स्टुलावर बसा आणि कॅनव्हास सावलीत येईल असा फिरवा. छत्री धरणारं कुणी असेल तर उत्तम. लाल किंवा पिवळी छत्री चालणार नाही, तिचा रंग कॅनव्हासवर उतरतो.

रेखाटन पातळ केलेल्या निळ्याने करा, आणि नीट करा. रशियन दृक्प्रत्ययवाद्यांची, म्हणजे क्षणाचा प्रकाश टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची, फ्रेंचांहून वेगळी खोड इथे दिसते. त्यांच्याकडे प्रकाशात वस्तू विरघळून जात नाही. लेवितानच्या 1895 च्या ‘मार्च’मध्ये निळ्या सावल्या आहेत, पण दाराशी उभा घोडा घोडाच आहे, त्याला हात लावता येईल असा. बर्चचं खोड कुठे वाकलंय, फांदी कुठून फुटलीय, हे आधी ठरलेलं असलं की वरचे फटकारे कितीही मोकळे टाकता येतात.

फटकारे शेजारी शेजारी ठेवा, घोटू नका. सावलीत निळ्याशेजारी जांभळा आणि किंचित हिरवट, उन्हात लिंबासारख्या पिवळ्याशेजारी गुलाबी. डोळे बारीक करून बघा: शेजारचे दोन रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा हवा, नाहीतर बर्फावर देवी आल्यासारखं दिसतं. उन्हातला रंग जाड, सावलीतला पातळ. आभाळ वर गडद आणि खाली येताना फिकट, हिरवटपणाकडे झुकणारं.

थंडीत ऑइल रंग घट्ट होतात. ट्यूबा कोटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि एकेकच बाहेर काढा. सावल्याही सरकत असतात, त्यामुळे पाऊण तासाच्या वर एका बैठकीत बसू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी. क्षणात टिपलेलं वाटणारं चित्र क्षणात होत नाही. चित्रकार सेरोव यांनी 1887 मध्ये मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवोला ‘पीच घेतलेली मुलगी’ रंगवली तेव्हा छोट्या वेरा मामोंतोवाला महिनाभराहून जास्त समोर बसवलं होतं. चित्र बघून वाटतं, ती आत्ताच खेळता खेळता धावत आली आहे.

आणि आभाळ भरून आलेलं असेल तर? मॉस्कोच्या हिवाळ्यात बहुतेक दिवस तसेच. तेव्हा ग्राबारना विसरा आणि कोरोविन यांचं 1894 चं ‘हिवाळ्यात’ आठवा: घोडा, घसरगाडी, लाकडी घर, सगळं करड्यात. करडा काळ्या-पांढऱ्यातून काढू नका. निळा आणि नारिंगी मिसळून एक, मॅडर आणि विरिडियनचा दुसरा, जांभळा आणि पिवळ्याचा तिसरा. तीन करडे शेजारी ठेवले की ढगाळ बर्फालाही ऊब आणि गारवा येतो. खरं सांगायचं तर मला हे चित्र ‘निळाई’पेक्षा जास्त आवडतं. निळ्याची चैन नसताना हात किती तयार आहे ते इथे कळतं.

घरी आल्यावर ओला कॅनव्हास लगेच उबदार खोलीत नेऊ नका, त्यावर दव धरतं. अर्धा तास जिन्यातच ठेवा, रंगाची बाजू भिंतीकडे करून, पण भिंतीला टेकू न देता. आणि रात्री दिव्याखाली बघायचा मोह आवरा. सकाळी, खिडकीपाशी.