म्युझियममध्ये करिअर करायचंय? मग डिग्री निवडताना आणि शिकताना हे बघा

म्युझियममध्ये काम करायचंय असं कुणी म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात एकच पद येतं, क्युरेटर, म्हणजे संग्रहाचा अभ्यास करून काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा. आत गेलं की कळतं क्युरेटर मोजकेच असतात. वस्तू कुठून आली, कुठे ठेवलीय, कुणाला उधार दिलीय याचा हिशेब ठेवणारा रजिस्ट्रार वेगळा, दुरुस्ती आणि जतन बघणारा कन्झर्वेटर वेगळा, शिवाय प्रदर्शन उभारणारे, शाळांच्या मुलांना सांभाळणारे, फोटो काढून डेटाबेस भरणारे, सगळे वेगळे. म्हणून ग्रॅज्युएशनलाच प्रॅक्टिकलवर भर असलेला कोर्स घेतलेला बरा, म्हणजे यातलं आपल्याला नक्की काय जमतं ते तीन-चार वर्षांत समजतं आणि मास्टर्सचे पैसे चुकीच्या जागी जात नाहीत.

पण 'हॅन्ड्स-ऑन' हा शब्द हल्ली प्रत्येक कोर्सच्या माहितीपत्रकात असतो, त्याच्यावर जाऊ नका. ॲडमिशनच्या आधी सरळ एकच प्रश्न विचारा, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तुम्ही कशाला हात लावू देता? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. चांगल्या विभागाकडे शिकवण्यासाठीचा स्वतःचा छोटा का होईना संग्रह असतो, फुटकी भांडी, जुनी नाणी, कापडाचे तुकडे, पक्ष्यांचे नमुने, काहीही, किंवा मग एखाद्या म्युझियमशी पक्का करार असतो आणि तिथल्या भांडारात आठवड्यातले ठरलेले तास मिळतात. मागच्या बॅचची कामं बघायला मागा. पीपीटीच दाखवल्या तर तो कोर्स म्युझियमबद्दल बोलायला शिकवतो, बाकी काही नाही. अजून एक, सोबतचा दुसरा विषय डोळसपणे निवडा. कन्झर्वेशनकडे ओढा असेल तर केमिस्ट्री सोडू नका, पुढच्या शिक्षणाला ती बहुतेक ठिकाणी मागतात आणि नंतर भरून काढताना जीव जातो.

पहिल्या वर्षात हाताळणी शिकवतात आणि इथेच सिनेमातले समज गळून पडतात. पांढरे सुती ग्लोव्हज घालून जुनं पुस्तक चाळायचं हे चित्र डोक्यातून काढा, कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे कारण ग्लोव्हजमुळे बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं. गुळगुळीत चिनी मातीच्या भांड्यावर सुती ग्लोव्हज घसरतात. धातू आणि फोटोंना मात्र बोटांचा घाम चालत नाही, तिथे नायट्राईलचे, म्हणजे डॉक्टर वापरतात तसले रबरी ग्लोव्हज. भांडं कानाला धरून उचलायचं नाही, कारण कान हा बऱ्याचदा आधी कधीतरी चिकटवलेला असतो. आणि जुने पेंढा भरलेले प्राणी-पक्षी दिसले की ग्लोव्हजशिवाय हात लावूच नका, किडीपासून वाचवायला त्यांना पूर्वी आर्सेनिक लावायचे आणि ते अजूनही तिथेच असतं.

आता जरा रटाळ वाटेल अशा गोष्टीवर येतो, कारण नोकरी त्याच्यावरच मिळते. नोंदणी. समजा वस्तूचा नंबर 2025.14.3 आहे, तर 2025 हे संग्रहात आल्याचं वर्ष, 14 म्हणजे त्या वर्षी आलेला चौदावा लॉट (एकाच वेळी एकत्र आलेल्या वस्तू) आणि 3 म्हणजे त्या लॉटमधली तिसरी वस्तू. हा नंबर वस्तूवर टाकणं ही पण एक कला आहे. दगड किंवा भाजलेल्या मातीच्या भांड्यावर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 (एक ॲक्रिलिक राळ) चा पातळ पारदर्शक थर, तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर बारीक निबने नंबर आणि वर परत एक थर, म्हणजे उद्या नंबर काढायचा झाला तर वस्तूला धक्का न लावता निघतो. प्लॅस्टिकवर हे करायचं नाही, ॲसिटोन प्लॅस्टिकच खाऊन टाकेल. कापडाला सुती पट्टीवर नंबर लिहून ती दोन-चार टाक्यांनी शिवायची, कागदाला मागच्या बाजूला मऊ पेन्सिल. नंबर गेला की वस्तू कोणाची, कुठली, का घेतली सगळंच गेलं. कॅनडाच्या कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने संग्रहाचं नुकसान करणाऱ्या 10 गोष्टींची यादी केलीय त्यात आग, पाणी, चोर, कीड यांच्याच रांगेत वस्तूची माहिती तुटणं हे पण धरलंय, ते उगाच नाही.

दुसरी रोजची गोष्ट म्हणजे कंडिशन रिपोर्ट, वस्तू आज नेमकी कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद. एक साधी बशी घ्या आणि सरावाला बसा. 'थोडी खराब आहे' असं लिहिलंत तर तो रिपोर्ट कचऱ्यात. लिहायचं कसं, तर बशी घड्याळासारखी धरायची, तिच्यावरचा नोंदणीचा नंबर 12 वाजायच्या जागी, मग '4 वाजता काठावर 3 मिमी टवका, कडा मळलेल्या, म्हणजे जुना. 7 वाजल्यापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर, मागच्या बाजूलाही दिसते'. टॉर्च बाजूने तिरकी मारून बघा, वरून न दिसणारे उंचसखल भाग आणि जुनी डागडुजी लगेच उघडी पडते. वस्तू दुसऱ्या म्युझियमला उधार जाते तेव्हा निघताना, पोहोचल्यावर आणि परत आल्यावर हाच कागद बघितला जातो, इन्शुरन्सचं भांडण याच कागदावर मिटतं किंवा पेटतं, त्यामुळे तुमचा रिपोर्ट अनोळखी माणसालाही वाचून कळला पाहिजे. मित्राला रिपोर्ट द्या, सारख्या दिसणाऱ्या पाच बश्यांतून ती शोधायला सांगा. नाही सापडली तर परत लिहा.

प्रकाश आणि हवामानाचं थिअरीत येतंच, पण लक्समीटर (प्रकाश किती पडतो ते लक्स या एककात मोजणारं यंत्र) हातात घेऊन गॅलरीत फिरल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही. कापड, जलरंग, जुने कागद यांना साधारण 50 लक्स, तैलचित्रांना 200 च्या आसपास. आणि नुकसान साठत जातं, 100 लक्सवर 5 तास म्हणजे 50 लक्सवर 10 तासच, म्हणून 'फक्त उद्घाटनापुरते लाइट वाढवू' म्हणणाऱ्याला गणित करून दाखवता आलं पाहिजे. लोकरीच्या कपड्याला कसर लागली तर फवारणीआधी फ्रीझर आठवा, पॉलिथिनमध्ये सीलबंद करून उणे 30 अंशाला साधारण 3 दिवस किंवा उणे 18 ला दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर पाणी जमतं. तैलचित्र, मेण, हस्तिदंत असलं काही मात्र फ्रीझरमध्ये टाकू नका.

लेबल, म्हणजे वस्तूशेजारची माहितीची पाटी, लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं. 50-60 शब्दांत, उभ्याने, पाय दुखत असताना वाचणाऱ्या माणसासाठी लिहून बघा, मग बोलू.

नैतिकतेचा पेपर पास होण्यापुरता करू नका. युनेस्कोचं 1970 चं कन्व्हेन्शन (सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण आणि विक्री रोखण्यासाठीचा करार), आयकॉमची, म्हणजे म्युझियमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता (1986 ची, 2004 ला सुधारलेली) आणि आयकॉमने 2022 ला प्रागमध्ये मंजूर केलेली म्युझियमची नवी व्याख्या, हे तिन्ही स्वतः वाचा, फार मोठं नाहीये. मग एखादी वस्तू घ्या आणि ती आज जिथे आहे तिथून मागे मागे जात मालक शोधा. मधली वीस-तीस वर्षं कोरी निघाली की प्रश्न सुरू होतात, आणि देणगी नम्रपणे नाकारणारं पत्र कसं लिहायचं हे पण शिकायला लागतं.

इंटर्नशिपला मोठ्या नावामागे पळायची सवय असते सगळ्यांना. माझं मत उलटं आहे, पहिली छोट्या जागी करा. मोठ्या ठिकाणी महिनाभर एकाच स्प्रेडशीटमध्ये अडकाल, छोट्या ठिकाणी तीनच माणसं असतात त्यामुळे सकाळी कॅटलॉग, दुपारी शाळेची ट्रिप आणि संध्याकाळी गळक्या छताखाली बादली. मात्र जायच्या आधी काम लेखी ठरवून घ्या, 'मदत करणे' असं नको, 'अमुक कपाटातल्या वस्तूंची नोंदणी आणि फोटो' असं. तिकिटाच्या खिडकीवरच बसवून ठेवलं तर कॉलेजच्या समन्वयकाला पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटी तक्रार करून काही होत नाही.

पोर्टफोलिओ शेवटच्या सेमिस्टरला जमवायला बसलात तर अर्धं हरवलेलं असतं. पहिल्या वर्षापासून ठेवा, दोन कंडिशन रिपोर्ट, एक पूर्ण कॅटलॉग नोंद, एका लेबलचे पहिला आणि शेवटचा असे दोन्ही मसुदे, तुम्ही शिवलेल्या किंवा कापलेल्या पॅकिंगचे फोटो. म्युझियमच्या वस्तूंचे फोटो वापरायला लेखी परवानगी घ्या आणि भांडार कुठे आहे, कुलूप कसलं आहे असलं काही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. हे मुलाखतीत मुद्दाम बघतात, काही न बोलता.